जुने यंत्र, नवी परीक्षा

यंत्र जुने झाले की ते भंगारात टाकावे, असे पुष्कळांना वाटते. जुन्या यंत्रावर पैसा घालणे म्हणजे उधळपट्टी, असेही काही जण म्हणतात. मला हे मत पटत नाही. का, ते एका उदाहरणावरून पाहू.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ कल्हॅम नावाचे गाव आहे. तेथे युरोपातील देशांनी मिळून ‘जेट’ नावाचे प्रचंड यंत्र उभारले. ते १९८३ साली सुरू झाले. सूर्यात हायड्रोजनचे अणू एकत्र येतात आणि ऊर्जा बाहेर पडते. तशीच क्रिया पृथ्वीवर घडवून पाहणे, हे जेटचे काम होते. त्यासाठी इंधन कोट्यवधी अंशांपर्यंत तापवावे लागे. इतके तप्त इंधन कोणत्या भांड्यात ठेवणार? म्हणून ते चुंबकांच्या जोराने भिंतींपासून दूर धरून ठेवले जाई.

या यंत्राच्या आतल्या भिंतींवर कार्बनचे थर होते. ट्रिटियम हे दुर्मिळ इंधन हा कार्बन शोषून घेई. म्हणून २००९ ते २०११ या काळात तेथे बेरिलियम आणि टंगस्टन हे धातू बसवण्यात आले. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ‘इटर’ या अधिक मोठ्या यंत्रासाठी तेव्हा याच धातूंचा विचार चालू होता. सुरुवातीला अडचणी आल्या. टंगस्टनचे कण इंधनात मिसळत आणि ते थंड होई. शास्त्रज्ञांनी चिकाटीने मार्ग काढला. १९९७ साली जेटने एका प्रयोगात २२ मेगाज्यूल ऊर्जा दिली होती. २०२१ साली ५९ आणि २०२३ साली ६९ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. शेवटच्या विक्रमासाठी इंधन लागले केवळ ०.२ मिलिग्रॅम! डिसेंबर २०२३ मध्ये जेट बंद झाले.

टीकाकार म्हणतील, “चाळीस वर्षांत या यंत्राने एकही दिवा लावला नाही.” हे खरे आहे. जेवढी ऊर्जा मिळाली, त्याहून जास्त खर्ची पडली. परंतु टंगस्टनची अडचण जुन्या यंत्रात कळली, हाच मोठा लाभ आहे. तीच प्रथम इटरमध्ये कळली असती, तर नुकसान किती झाले असते?

आपला देशही इटरमध्ये भागीदार आहे. त्याच्या अवाढव्य पोलादी पात्राचे भाग गुजरातेत हजिरा येथे तयार झाले. गांधीनगरजवळ १९८९ साली सुरू झालेले ‘आदित्य’ यंत्र सुधारून २०१६ साली पुन्हा चालू करण्यात आले.

गरीब मुलांच्या शाळांना छप्पर नसताना हा खर्च कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणून अशा प्रत्येक रुपयाचा चोख हिशेब मागितला पाहिजे. ही वीज घरोघरी केव्हा येईल, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तोवर सूर्य आणि वारा यांपासून मिळणारी वीज वाढवलीच पाहिजे. पण कोळसा एक दिवस संपणार आहे. त्या दिवसाची तयारी तो संपण्यापूर्वीच करावी लागते.