सुनेची बातमी, लेकीचा विसर

19 ऑक्टोबर 2025 रोजी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने इंग्लंडविरुद्धचा विश्वचषक सामना चार धावांनी गमावला. लक्ष्य 289 धावांचे होते. दीप्ती शर्माने आधी चार बळी घेतले, मग 50 धावा केल्या. हरमनप्रीत कौरने 70 आणि स्मृती मानधनाने 88 धावा काढल्या. मानधना बाद होईपर्यंत सामना भारताच्या खिशात होता. त्यानंतर खिसा फाटला. पन्नास षटके संपली तेव्हा फलकावर 6 बाद 284 होते, म्हणजे चार गडी हातात असूनही हार. असली हार आठवडाभर खुपत राहते. कुठला फटका चुकला, कोणी एकेरी धाव सोडली, शेवटच्या पाच षटकांत चौकार का आटले, यावर ओटल्या-ओटल्यावर वाद व्हायला हवे होते.

पण इंदूरमधल्या विजय नगरच्या चौराह्यावर, पोह्यांच्या ठेल्याभोवती आणि मॉलमधल्या कॉफीच्या टेबलांवर चर्चा वेगळीच होती. मानधना लवकरच इंदूरची सून होणार, ही बातमी सामन्याच्या तोंडावर शहरात फुटली होती. सांगलीची ही डावखुरी सलामीवीर इंदूरच्या एका संगीतकाराशी लग्न करणार होती. त्याचे नाव या पत्रकात मुद्दाम दिलेले नाही. ज्यांना त्यात रस आहे त्यांना ते पाठ आहेच. 88 धावांची खेळी मात्र किती जणांना पाठ आहे, हा प्रश्न शिल्लक राहतो. पुढे 23 नोव्हेंबरचे लग्न लांबणीवर पडले. 7 डिसेंबरला तिने स्वतः ते होणार नसल्याचे जाहीर केले आणि दोन्ही कुटुंबांना एकांत मिळावा अशी विनंती केली. लग्नाच्या बातमीवर नाचलेल्यांनीच त्या विनंतीचा सगळ्यात आधी चोथा केला. दरम्यान 2 नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून पहिल्यांदाच महिला विश्वचषक जिंकला होता. त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक धावा, एकूण 434, मानधनाच्याच होत्या. एवढे सगळे पाच आठवड्यांत मागे पडले आणि पुढे उरला तो एक मोडलेला साखरपुडा.

सून होणार म्हणून ज्या शहराला उकळ्या फुटल्या, त्या शहराला स्वतःची एक लेकही आहे. संध्या अग्रवाल 1963 मध्ये इंदूरला जन्मली. 1986 मध्ये इंग्लंडमधल्या वूस्टरला तिने कसोटीत 190 धावा केल्या. महिला कसोटीतला सर्वोच्च धावसंख्येचा विक्रम तोपर्यंत इंग्लंडच्या बेटी स्नोबॉलच्या नावावर होता, 189 धावांचा आणि 1935 पासूनचा. अर्धशतक टिकलेला हा जागतिक विक्रम इंदूरच्या एका मुलीने एका धावेने मोडला. त्या काळात महिला क्रिकेटमध्ये पैसा नव्हता, दूरदर्शनवर सामना दिसत नव्हता आणि दौऱ्याची तयारी बहुतेक पदरमोड करूनच होत असे. अग्रवालच्या नावावर कसोटीत चार शतके आहेत. विजय नगरमधल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावर बॅट घेऊन उभ्या असलेल्या दहा मुलींना तिचे नाव विचारून पाहावे. उत्तर काय येईल, हे विचारणाऱ्याला आधीच माहीत असते. (होळकर स्टेडियमचे 2010 पर्यंतचे नावही एका लेकीचेच होते: महाराणी उषाराजे. तेही गेले.)

खेळाडूभोवती वलय असणे ही काही आजची गोष्ट नाही, आणि जुना काळ पवित्र होता असे दाखवणे खोटेपणाचे ठरेल. होळकरांच्या निमंत्रणावरून इंदूरला आलेले सी. के. नायडू 1932 मध्ये भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले आणि 1941 मध्ये एका लिव्हर टॉनिकच्या जाहिरातीतही झळकले. इंदूरचेच मुश्ताक अली देखणे, आणि फलंदाजी देखणेपणाहून बेफाम. 1936 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला त्यांनी 112 धावा केल्या. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. 1945 मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या सामन्यातून त्यांना वगळले, तेव्हा कलकत्त्याच्या प्रेक्षकांनी निवड समितीचे दुलीपसिंहजी यांना घेरून ‘नो मुश्ताक, नो टेस्ट’चा घोष केला आणि मुश्ताकला संघात घ्यायला लावले. तेही वेडच होते, त्यात धक्काबुक्कीही झाली. पण त्या गर्दीची मागणी काय होती? मुश्ताकला खेळायला आणा. त्याच्या घरात डोकावायला कोणी निघाले नव्हते.

संदीप पाटील यांचे उदाहरण तर याहून बोलके. 1983 च्या विश्वविजेत्या संघातला हा मुंबईकर 1985 मध्ये ‘कभी अजनबी थे’ या सिनेमात नायक झाला. सिनेमा पडला. तोच पाटील ‘एकच षटकार’ या मराठी क्रीडा नियतकालिकाचा संपादक होता आणि पुढे मध्य प्रदेशचा कर्णधार म्हणून रणजी खेळला. म्हणजे सिनेमा, नियतकालिक आणि मैदान या तिन्ही ठिकाणी एकच माणूस. तरीही मराठी वाचकाच्या लक्षात राहिला तो त्याचा फटका. 1982 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला बॉब विलिसच्या एका षटकात त्याने मारलेले सहा चौकार आजही लोक सांगतात. करमणूक आणि क्रीडा यांचा संसार जुना आहे. बिघडले ते अलीकडे, जेव्हा करमणुकीने क्रीडेला घराबाहेर काढले.

याचा शेवट कुठे होतो, ते बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमने दाखवले. रजत पाटीदार इंदूरचा. आयपीएलच्या 2022 च्या लिलावात त्याला कोणी घेतले नव्हते. जखमी खेळाडूच्या जागी ऐनवेळी बंगळुरू संघाचे बोलावणे आले, तेव्हा मे महिन्यातले ठरलेले लग्न पुढे ढकलून तो गेला आणि 25 मे रोजी कोलकात्यात नाबाद 112 धावा केल्या. वर्तमानपत्रांनी त्या शतकाइतकीच जागा ढकललेल्या लग्नाला दिली. महिनाभरात, 22 ते 26 जून या काळात, चिन्नास्वामीवर रणजीचा अंतिम सामना झाला. यश दुबे 133, शुभम शर्मा 116, पाटीदार 122. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशने 41 वेळा विजेत्या मुंबईला सहा गड्यांनी हरवले आणि रणजी करंडक पहिल्यांदा घरी आणला. पंडित स्वतः 1999 मध्ये याच मैदानावर मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. होळकर संघाने 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा जिंकलेला हा करंडक जवळजवळ सत्तर वर्षांनी पुन्हा या मातीत आला होता.

तीन वर्षांनी, 3 जून 2025 रोजी, पाटीदारच्याच नेतृत्वाखाली बंगळुरूने आयपीएल जिंकली. दुसऱ्या दिवशी त्याच चिन्नास्वामीच्या दारांबाहेर चेंगराचेंगरी होऊन 11 जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथे सामना नव्हता. एक चेंडूही टाकला जाणार नव्हता. लोक आले होते ते खेळाडूंचे नुसते दर्शन घ्यायला. बंदोबस्त, परवानगी, प्रवेशाचा घोळ हे चौकशीचे विषय आहेतच. पण मैदान तेच आणि कर्णधारही शतक ठोकून रणजी जिंकून गेलेलाच. मधल्या काळात बदलला तो प्रेक्षक. त्याला खेळ बघायचा नव्हता, खेळणारा बघायचा होता.

इंदूरने बंगळुरूकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. 23 ऑक्टोबर 2025 रोजी ऑस्ट्रेलियाच्या दोन महिला क्रिकेटपटू हॉटेलातून कॅफेकडे पायी निघाल्या असताना याच शहरात भररस्त्यात त्यांचा विनयभंग झाला. पोलिसांनी संशयिताला लगेच पकडले. राज्याच्या एका ज्येष्ठ मंत्र्याने घटनेचा निषेध केला खरा, पण खेळाडूंनीही बाहेर पडताना कळवायला हवे होते, असा सूर जोडला. हा सूर कानाला ओळखीचा आहे. खेळाडू म्हणजे सार्वजनिक मालमत्ता, तिने खोलीबाहेर पाऊल टाकले तर जे होईल त्यात तिचाही वाटा, असे त्यामागचे गणित. जो चाहता लग्नाच्या बातमीवर हक्क सांगतो, तो हळूहळू चालण्या-फिरण्यावरही सांगू लागतो. गुन्हा करणारा वेगळा आणि गप्पा मारणारा वेगळा, हे मान्य. हवा मात्र दोघांच्या वाट्याला एकच येते. आणि दोनच दिवसांनी, 25 ऑक्टोबरला, त्याच ऑस्ट्रेलियाच्या अलाना किंगने होळकर स्टेडियमवर 18 धावांत 7 बळी घेऊन दक्षिण आफ्रिकेला 97 धावांत गुंडाळले. महिला विश्वचषकाच्या इतिहासातली ही सर्वोत्तम गोलंदाजी इंदूरच्या खेळपट्टीवर झाली. लेगस्पिन आवडणाऱ्या माणसाने तो स्पेल पुन्हा पुन्हा पाहावा असा आहे.

यावर नेहमीचे उत्तर तयार असते: लोकांना हेच हवे असते, आणि खेळाडू तरी जाहिरातींतून प्रसिद्धी विकतातच की. जाहिरात हा करार असतो. त्यात काय द्यायचे, किती द्यायचे, हे खेळाडू ठरवतो. मोडलेल्या लग्नाचा करार कोणी कोणाशी केलेला नसतो. लोकांना काय हवे, याची परीक्षा तर झालेलीच नाही. ज्याला महिला संघाचा धावफलक रोज पहिल्या पानावर मिळाला, असा इंदूरी वाचक अजून जन्माला यायचा आहे. अमोल मुझुमदारसारखा माणूस, ज्याने 1994 मध्ये रणजी पदार्पणात 260 धावा केल्या, भारताकडून एकदाही खेळला नाही आणि प्रशिक्षक म्हणून याच महिला संघाला विश्वचषक जिंकून दिला, त्याची गोष्ट कुठल्या लग्नापेक्षा कमी रंगतदार आहे?

मागण्या थोड्या आहेत. खेळाडूविषयीच्या कोणत्याही बातमीत तिच्या किंवा त्याच्या शेवटच्या सामन्याचा धावफलक असावा. नसेल तर ती बातमी क्रीडा पानावर छापू नये. विजय नगरमधले जे कॅफे आणि मॉल पुरुषांच्या सामन्यांना मोठा पडदा लावतात, त्यांनी महिलांच्या सामन्यांनाही लावावा, आणि आवाज बंद ठेवून गाणी वाजवू नयेत. इथल्या शाळांनी क्रीडादिनाच्या फलकावर संध्या अग्रवालच्या 190 धावा ठळक अक्षरांत लिहाव्यात. आणि होळकर स्टेडियमवर रणजीचा सामना असेल तेव्हा चार दिवसांतले एक सत्र तरी बघायला जावे. विजय नगर चौराह्यापासून रेसकोर्स रोडवरचे हे स्टेडियम चार-पाच किलोमीटरवर आहे. सकाळचे पोहे खाऊन निघाले तर दुसऱ्या तासाच्या खेळाला जागेवर बसता येते.