स्क्रीन काळी पडली, दोष कुणाचा?

"लिनक्स टाकलं, अपडेट झालं आणि स्क्रीन काळी! तुमचं लिनक्स बेकार आहे राव." १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून सोलापुरात हे कितीदा ऐकलं.

मित्रांनो, मशीन भंगारात घालू नका. चालू करताना ग्रब मेनूत 'ई' दाबा. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंग्रजीत सलग 'नोमोडसेट' लिहा, एफ१० दाबा. बऱ्याचदा स्क्रीन येते. मग कार्डाला जुळणारा ड्रायव्हर टाका.

पण दुखणं वेगळंच आहे. इंटेल, एएमडीचे खुले ड्रायव्हर कर्नलमध्येच येतात. एनव्हीडियाने मात्र आपला ड्रायव्हर वर्षानुवर्षं कुलपात ठेवला. २०१२ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने भर कार्यक्रमात त्यांना शिवी हासडली, ती उगाच नव्हे. मे २०२२ मध्ये कर्नलपुरता भाग खुला केला, तोही २०१८ च्या ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांसाठी. जुन्या कार्डवाल्यांनी काय करायचं?

आपल्याकडं जुना यंत्रमाग आजही खडखडतोय, कारण जॉबर तो उघडून दुरुस्त करतो. कार्डाचे पैसे आपण मोजले, चावी मात्र कंपनीकडं! ही कसली मालकी?

केरळने सरकारी शाळांत लिनक्स चालवून दाखवलंय. आपल्या महापालिकेने, जिल्हा परिषदेने संगणक खरेदीच्या टेंडरमध्ये एवढीच अट घालावी : खुला ड्रायव्हर नसेल तर कार्ड नको. पैसा जनतेचा आहे, कंपनीच्या मर्जीचा नाही.

पटलं तर आपल्या नगरसेवकाला विचारा.