वजन परत आलं म्हणून चालणं सोडू नका

लग्नसराईच्या आधी सहा किलो उतरतात आणि गणपती येईतो आठ चढतात. बेळगावच्या टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत कितीतरी घरांत हेच चाललेलं असतं. उतरताना सगळे विचारतात, ‘काय केलंस गं, आम्हालापण सांग की.’ चढल्यावर कुणी काही विचारत नाही, आणि माणूस मनाशी ठरवून टाकतं की आपल्यात जिद्दच नाही. मग सकाळचं चालणं सुटतं, चहातली साखर पूर्ववत होते, वजनकाटा पलंगाखाली सरकतो. माझं सांगणं आहे ते या शेवटच्या टप्प्याबद्दल. वजन परत येणं त्रासाचं आहेच, पण त्यापायी बाकीचं सगळं सोडून देणं त्याहून कितीतरी जास्त नुकसानीचं आहे.

आधी त्या जिद्दीचं बघू. 1944-45 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन चतुर्थांश उतरलं. पण रात्रंदिवस डोक्यात अन्नच घोळू लागलं, माणसं चिडचिडी झाली, थंडी सोसेना. पोटभर जेवण सुरू झाल्यावर भूक भागता भागेना आणि अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. ही स्वेच्छेने पुढे आलेली, कणखर मनाची पोरं होती. मेलबर्नच्या संशोधकांनी 2011 साली दाखवलं की झपाट्याने वजन उतरवलेल्या माणसांच्या शरीरात भूक वाढवणारी संप्रेरकं वर्ष उलटलं तरी चढीच राहतात आणि पोट भरल्याची खबर देणारी कमीच राहतात. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा सरासरी 58 किलो उतरवलेल्यांचे 41 किलो परत आले होते. शिवाय त्यांचं शरीर बसल्याजागी जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी होती, त्यापेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमीच खर्च करत होतं.

म्हणजे तुम्ही उपाशी राहिलात की शरीर त्याला दुष्काळ समजतं आणि हात आखडता घेतं. घाईत चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि परत येताना मुख्यतः चरबीच येते. म्हणून पाचव्या वेळेला वजन उतरवणं पहिल्या वेळेपेक्षा जड जाऊ शकतं. यात तुमच्या स्वभावाचा दोष शोधू नका, आणि घरच्यांनीही शोधू नये.

आता जी गोष्ट घरोघर पोचायला हवी होती आणि पोचलीच नाही, ती सांगायची आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साखर सीमारेषेवर असलेली 531 माणसं घेऊन केलेला अभ्यास 2006 साली छापून आला. त्यातल्या एका गटाला औषध नव्हतं, फक्त नेमाने चालायला आणि खाण्यात साधे बदल करायला सांगितलं होतं. सुमारे अडीच वर्षांत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी झालं. आणि वजन? ते जवळपास जिथल्या तिथे होतं. काटा हलला नाही, आजार मात्र लांबला. अमेरिकेत असाच मोठा अभ्यास झाला. तिथे पहिल्या वर्षी लोकांचं सरासरी सात किलो वजन उतरलं आणि पुढे त्यातलं बरंचसं परत आलं. तरीही दहा वर्षांनी मोजलं तेव्हा त्या गटात मधुमेहाचं प्रमाण 34 टक्क्यांनी कमीच होतं. तुमचं चालणं काट्यावर दिसत नसेल, रक्तात दिसतं. ‘एवढं चालून काय उपयोग झाला?’ असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

आपल्याकडे नुसत्या काट्यावर विसंबूनही चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचं उंची-वजनाचं गुणोत्तर (बीएमआय) अगदी सारखं, 22.3. पण चरबी युडकिन यांच्या अंगात 9 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21. आपण बारीक दिसलो तरी पोटात चरबी बाळगून असतो. म्हणून काट्याइतकाच दोराही वापरा. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढा दोरा घ्या, त्याची बरोबर अर्धी घडी घाला आणि श्वास सोडून, पोट आत न ओढता, बेंबीच्या जरा वर कमरेभोवती फिरवा. टोकं जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर पोट जास्त आहे, मग काटा काहीही म्हणो. महिन्यातून एकदा हे केलं की पुरे. काटा अडून बसलेला असताना दोरा ढिला होत असेल, तर तुमचं बरोबर चाललं आहे.

वेळ कुठून आणायचा, हा खरा प्रश्न. निपाणीत बिड्या वळणाऱ्या बाईचा दिवस बघा. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूची पानं आणि जर्दा, बोटांना दोरा. पानात जर्दा भरायचा, पान गुंडाळायचं, तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा, पुढची घ्यायची. मजुरी हजारावर, म्हणून हजार पुऱ्या होईतो मान वर करायची नाही. दुपारी भात-आमटी, कारण भात पटकन खाऊन होतो. संध्याकाळी माल द्यायला जायचं, मग चूल, पोरांचा अभ्यास, धुणं. तिला ‘रोज पाऊण तास बागेत फिरा’ म्हणून सांगणाऱ्याने तिचा दिवस पाहिलेला नसतो. तिला जमेल ते वेगळं आहे. शंभर बिड्या झाल्या की सूप खाली ठेवायचं, उठायचं, पाणी प्यायचं, दाराच्या चौकटीला धरून दहा वेळा खुर्चीवर बसल्यासारखं खाली जाऊन वर यायचं. मिनिटभराचं काम. हजार बिड्यांत ते दहा वेळा होतं, म्हणजे शंभर बैठका झाल्या, आणि झडलेले स्नायू परत मिळवायला बैठकांसारखा स्वस्त उपाय नाही. गुडघे दुखत असतील तर भिंतीला हात टेकून टाचा वर-खाली करा. माल द्यायला जाताना पाय उचलून चाला.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांना आधी झोप सांभाळायला सांगेन. शिकागोत तरुण पुरुषांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तर भुकेचं संप्रेरक 28 टक्क्यांनी वाढलं आणि ओढ लागली ती गोडाची, खारट आणि पिठाळ खाण्याची. पाळी सुटल्यावर गेटबाहेर भज्यांच्या गाड्याकडे पाय वळतात त्यामागे हेही आहे. घरी जाऊन आधी खोलीत अंधार करून झोपा, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. घरातल्यांनी त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी ठेवावा. आणि निपाणीहून कोल्हापूरला किंवा बेळगावला रोज ये-जा करणाऱ्या मास्तर-बाईंनी, बँकेतल्या माणसांनी डबा सोडू नये. डबा चुकला की स्टँडवर वडा-पाव, आणि वडा-पावानंतर गोड चहा ठरलेलाच. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे 40 ग्रॅम साखर. चहा सोडू नका, कप लहान करा, साखर दोनाची एक करा. तेवढंच करा आणि तीन महिने दुसरं काही बदलू नका.

2018-19 च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं दोन वेळा जेवण आणि ऋजुता दिवेकर यांचं थोडं थोडं, पण घरचं-गावचं खाणं, यावरून अख्ख्या महाराष्ट्रात दोन तट पडले. सीमेच्या अलीकडे आपल्या घरांतही वाद झडले. सासू एका बाजूला, सून दुसऱ्या. मला त्या वादात बाजू घ्यायची नाही. दोन्हींनी फायदा झालेली माणसं आहेत आणि दोन्ही सोडून पूर्वपदावर आलेलीही आहेत. खाण्याच्या कुठल्याही पद्धतीला एकच प्रश्न विचारा: पुढच्या वर्षी याच महिन्यात, घरात पाहुणे असताना, मी असंच जेवत असेन का? उत्तर ‘नाही’ असेल तर आजच सुरू करू नका. भात खाऊन वाढलेल्या खानापूरच्या माणसाने भात बंद केला तर तो टिकणार किती? त्यापेक्षा भात अर्धा घ्यावा, वरून पातळ आमटीऐवजी घट्ट वरण, हुलग्याची, मसुराची, चवळीची उसळ दुप्पट घ्यावी, सोबत पालेभाजी, ताक. खाणाऱ्याने अंडी खावीत. पोट भरलेलं राहतं आणि स्नायूंनाही खुराक मिळतो. जोंधळ्याची भाकरी उत्तमच, पण चार भाकऱ्या त्या चारच. उपवास देवासाठी असेल तर श्रद्धेने करा. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन केलेली एकादशी वजनाच्या खात्यात मात्र धरू नका.

किती उतरवायचं? माझा आग्रह आहे, थोडंच. 80 किलोच्या माणसाने सहा महिन्यांत चार किलो. मग पुढचे सहा महिने एक किलोही उतरवायचं नाही, फक्त ते धरून ठेवायचं. हे ऐकून पुष्कळ जण नाराज होतात. चार किलोत काय, शेजारीणसुद्धा ओळखणार नाही! पण रक्तदाब ओळखतो, साखर ओळखते, गुडघेही ओळखतात. वजन टिकवणाऱ्या माणसांची अमेरिकेत 1994 पासून नोंद ठेवली जाते. त्यात बहुतेकांचे आधीचे प्रयत्न फसलेलेच होते. टिकवताना त्यांनी जे केलं ते साधं होतं: दिवसाकाठी तासाभराच्या आसपास अंग हलवलं आणि बहुतेकांनी आठवड्यातून एकदा तरी वजन पाहिलं. शेवटची गोष्ट महत्त्वाची. दिवाळीनंतर काट्याची भीती वाटते म्हणून आपण तो पाहत नाही, आणि दोनाचे सात किलो होतात. दोन वाढले की लगेच जुन्या ताटावर या, सोमवारची वाट पाहू नका.

बाजारातल्या वस्तूंबद्दल स्पष्ट बोलावं लागेल. महिन्यात दहा किलो उतरवतो म्हणणाऱ्या पावडरी, सकाळच्या शेकचे क्लब, बिननावाच्या पुड्या यांवर तुमचे कष्टाचे पैसे घालू नका. पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ती तोंडात घालू नका, ओळखीच्या माणसाने दिली तरी. 2025 पासून आपल्या देशात वजनाची नवी इंजेक्शनं मिळू लागली आहेत. ती खरंच काम करतात, आणि काही रुग्णांना त्यांची गरजही असते. पण एका मोठ्या अभ्यासात इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय, आणि पुढे किती काळ घ्यायचं, खर्च किती, हे विचारल्याशिवाय ती सुरू करू नयेत.

खाणं-पिणं तेच असून वजन वाढत असेल, पाळी अनियमित असेल, सतत थकवा असेल, किंवा स्टेरॉइड वा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर आधी तपासणी. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी, ती तिथे फुकट मोजतात. आणि कर्नाटकात 11 जून 2023 पासून बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट पडत नाही, तेव्हा ‘गाडीभाडं कोण घालणार’ हे कारणही आता उरलेलं नाही. मनाने ठरवून औषधं मात्र बंद करू नका, वजन वाढवणारी असली तरी.

घरच्यांना आणि पाहुण्यांना हात जोडून सांगणं आहे. माणूस जरा उतरलं की ‘आजारी हाईस काय गं, तोंड किती उतरलंय’ आणि जरा भरलं की ‘लई सुटलीस की’, असं दोन्हीकडून बोलणं बंद करा. ताटात न विचारता कुंदा वाढू नका. ‘घे की, एवढ्यानं काय होतंय’ हे प्रेमानेच म्हटलं जातं, पण दिवसातून चार घरी चार जण म्हणतात. सुनेसाठी वेगळी भाजी आणि बाकीच्यांसाठी वेगळी, असा प्रकार दोन आठवडेसुद्धा चालत नाही, कारण दोन्ही तिलाच कराव्या लागतात. सगळ्यांनी तीच उसळ खावी, तेल सगळ्यांचंच कमी व्हावं. नवऱ्याने सकाळचा पाणी भरण्याचा आणि डब्यांचा अर्धा भार उचलला तर तिला चालायला अर्धा तास मिळतो. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत असो, किल्ल्याच्या तळ्याभोवती असो की गल्लीतल्या शाळेच्या मैदानावर, तो अर्धा तास तिला रोज मिळाला पाहिजे, काटा हलो न हलो.