वजन हलके, विसावा मोजका

मुलगा जिमच्या फीसाठी पैसे मागतो तेव्हा घरात दोन प्रश्न निघतात. पैसे किती आणि अभ्यासाचे काय? तिथे जाऊन तो नेमके काय करणार, हे फारसे कोणी विचारत नाही. या महिन्यात त्याच प्रश्नाकडे वळू या.

आमच्या गल्लीतल्या मुलांच्या मोबाइलवर सध्या एक पद्धत फिरते आहे. एकच व्यायाम घ्यायचा, त्याचे दहा सेट करायचे, प्रत्येक सेटमध्ये दहा वेळा वजन उचलायचे आणि दोन सेटच्या मध्ये जेमतेम मिनिट-दीड मिनिट थांबायचे. म्हणजे एका व्यायामाचा आकडा शंभर. मुलांना नाही म्हणण्याआधी किंवा हो म्हणण्याआधी आपणच करून पाहावे, असे आम्ही चौघांनी ठरवले. आमच्यात एक दुकानदार, एक शिक्षक आणि वाळूजला शिफ्टमध्ये काम करणारे दोघे. सगळे चाळिशीच्या आसपासचे. इशानंतरचा पाऊण तास ठरला. सहा आठवडे गेलो.

या पद्धतीला जगभर ‘जर्मन व्हॉल्यूम ट्रेनिंग’ म्हणतात. जर्मनीचे वेटलिफ्टिंग प्रशिक्षक रॉल्फ फेझर यांच्याशी आणि १९७०च्या दशकाशी तिचे नाव जोडले जाते. स्पर्धा नसलेल्या महिन्यांत खेळाडूंचे स्नायू वाढावेत, हा हेतू. पुढे कॅनडाचे प्रशिक्षक चार्ल्स पॉलिक्विन यांनी १९९०च्या दशकात तिच्यावर लिहिले आणि ती जिमपर्यंत पोहोचली.

पण मोठा आकडा आणि थोडा विसावा ही गोष्ट आपल्याकडे जर्मनीहून आलेली नाही. तालमीत जोर-बैठका काढणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. शब्द बघा. ‘तालीम’ मूळ अरबी, अर्थ शिक्षण. ‘जोर’, ‘कुस्ती’ आणि ‘पहिलवान’ फारसीतून आले. ‘वस्ताद’ म्हणजे आपला उस्तादच. मराठी मातीत ते असे मुरले की परके वाटतच नाहीत. गुलाम मोहम्मद ऊर्फ गामा पहिलवान दहा वर्षांचे असताना जोधपूरच्या बैठकांच्या स्पर्धेत मोठमोठ्या पहिलवानांबरोबर शेवटपर्यंत टिकले, असे सांगतात. तेच गामा १९१० मध्ये लंडनला झिबिस्कोशी अडीच तासांहून जास्त लढले आणि १९२८ मध्ये पतियाळात त्याच झिबिस्कोला त्यांनी एका मिनिटाच्या आत चीत केले. तालमीत मात्र वस्ताद समोर उभा असे. कोणाला किती आकडा द्यायचा हे तो ठरवी आणि पोरगा थकला की थांबवी. मोबाइलवर आकडा मिळतो, वस्ताद मिळत नाही. सगळा फरक इथेच आहे.

आता शरीरात काय होते ते पाहू. जोराचे काम करताना स्नायू आधी स्वतःजवळचा तयार साठा वापरतात. तो बराचसा भरून यायला तीनेक मिनिटे लागतात. आपण मिनिटभरातच पुन्हा वजन उचलतो, म्हणून साठा अर्धवट भरलेला असतो. त्यामुळे पहिले तीन सेट अगदी सोपे वाटतात. सहाव्याला श्वास लागतो आणि नवव्याला तेच वजन दुप्पट भासते. म्हणून या पद्धतीचा पहिला नियम म्हणजे वजन हलके. ताजेतवाने असताना जे वजन वीस वेळा उचलता येईल, तेच घ्यायचे. एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ते साधारण ६० टक्के भरते. वर उचलायला दोन सेकंद, खाली आणायला चार सेकंद. झटके नाहीत.

आम्ही स्क्वॉटसाठी फक्त २० किलोचा रिकामा रॉड घेतला. शेजारचा कॉलेजचा मुलगा हसला. शंभर बैठका झाल्या तेव्हा हिशेब केला. २० गुणिले १०० म्हणजे २,००० किलो, दोन टन! पुढचे दोन दिवस जिना उतरताना कठड्याला धरावे लागले. पुढच्या खेपेला आमच्यापैकी एकाने प्लेट चढवायला हात घातला, तर तिथला विशीतला ट्रेनर म्हणाला, ‘‘चाचा, वजन राहू द्या. घड्याळ बघा.’’ त्याचे बरोबर होते. विसावा मोजला नाही तर गप्पांत मिनिटाची चार मिनिटे होतात आणि मग तो वेगळाच व्यायाम होतो.

दोन आठवडे पूर्ण दहा सेट केले. मग आम्ही ते निम्म्यावर आणले. त्यामागे कंटाळा नव्हता, अभ्यास होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १९ तरुणांचे दोन गट केले होते. एकाने मुख्य व्यायामाचे दहा सेट केले, दुसऱ्याने पाच. सहा आठवड्यांनी दहावाल्यांना जास्तीचा फायदा दिसला नाही. चार ते सहा सेट पुरेत, असा संशोधकांचा सल्ला होता. त्याआधी २०१६ मध्ये एक मिनिट आणि तीन मिनिटे विसाव्याची तुलना झाली. तिथे ताकदीत तीन मिनिटेवाले पुढे राहिले. याचा अर्थ सरळ आहे. ज्याला फक्त ताकद वाढवायची आहे त्याने जास्त थांबावे. ज्याच्याकडे वेळच कमी आहे, त्याला छोटा विसावा सोयीचा. आम्ही दुसऱ्या गटातले.

उरलेले चार आठवडे आमचा क्रम असा होता. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांची सुटी. दहा मिनिटे अंग गरम करणे. मग स्क्वॉट, बेंच प्रेस आणि कमरेत वाकून रोइंग, प्रत्येकी पाच सेट, दहा वेळा, मिनिटभर विसावा. चाळीस मिनिटांत मोकळे. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम करायला सांगते. त्याशिवाय दीडशे मिनिटे चालणे वगैरे हवे, ते हिमायतबागेत सकाळी होऊ शकते. सहा आठवड्यांनी आरशात फार बदल दिसला नाही. स्क्वॉटचे वजन २० वरून ३० किलोवर गेले. रविवारी दौलताबादचा किल्ला चढलो, तेव्हा अंधारीच्या पुढच्या पायऱ्यांवर पूर्वीसारखे दर वळणावर बसावे लागले नाही. वाळूजवाले दोघे म्हणाले, शिफ्ट संपल्यावर कंबर कमी आखडते. चाळिशीत एवढे मिळाले तरी खूप.

हे घरीही होते आणि महिलांनाही तितकेच लागू आहे. आपल्या शहरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे पाण्याचे कॅन नाहीत असे घर सापडणे कठीण. पाच लिटरचा कॅन म्हणजे पाच किलोचे डंबेल. खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर आणि कॅन घेऊन रोइंग, प्रत्येकी दहा वेळा. तीन सेटपासून सुरुवात करावी. आमच्या घरातल्या महिलांनी हे स्वयंपाकघरातल्या घड्याळावर केले.

हे सगळे का, तर २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात मधुमेह असलेले सुमारे १० कोटी १० लाख लोक आहेत. काम करणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, तेव्हा त्याला इन्सुलिनवर तितके अवलंबून राहावे लागत नाही. मात्र साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. वजन उचलताना श्वास रोखू नये. त्याने रक्तदाब एकदम चढतो. रोजा असेल तेव्हा हा व्यायाम इफ्तारनंतर, पाणी पोटात गेल्यावर आणि निम्माच करावा.

मुलांच्या आईवडिलांना एक सांगणे. अंग दुखणे साधारण तीन दिवसांत ओसरते. पण नव्या पोराने एकदम मोठा आकडा काढला आणि दुखणे वाढत गेले, अंग सुजले, लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्नायू तुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात अडकल्याची ती खूण असू शकते.

दुसरे खाण्याचे. प्रौढ माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त. चार अंडी, दोन वाट्या डाळ, थोडे चिकन आणि दही यांत ती भरतात. नान खलियाही चालतो, फक्त त्यातला रस्सा कमी आणि बोटी जास्त घ्यावी. आणि महिन्या-दोन महिन्यांत अंग भरले नाही म्हणून कोणी इंजेक्शन सुचवले, तर मुलाला तिथून बाहेर काढा. बाहेरून हार्मोन घेतले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. त्याचा फटका हृदयाला बसतो, यकृताला बसतो आणि उद्याच्या संसारालाही बसू शकतो.

तेव्हा फी जरूर द्या, पण महिन्यातून एकदा स्वतः जिममध्ये जाऊन बसा. मुलगा किती वजन उचलतो ते बघू नका. उचललेले वजन तो किती सावकाश खाली आणतो आणि विसावा मोजतो का, एवढेच बघा. तालमीतला वस्तादही हेच बघत असे.