चार वर्षांची फौज आणि कोरडवाहू घराचा हिशोब

आज पिकावर नाही, पण आपल्याच घरातल्या विषयावर लिहितोय.

साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्पिढ्या पोरं फौजेत गेली. कोरडवाहू घराचा खरा पीकविमा म्हणजे फौजेतला पगार आणि नंतरची पेन्शन. पाऊस फिरला तरी महिन्याचे पैसे चुकत नव्हते. त्या भरवशावरच विहीर खोदायची हिंमत व्हायची.

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हे गणित बदललं. नोकरी ४ वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापून जातात, म्हणजे सुरुवातीला हातात २१,०००. सरकार तेवढीच भर घालतं आणि शेवटी व्याजासकट सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पुढे कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के.

ही रक्कम ७ टक्क्यांनी ठेवली तर महिन्याला साधारण ६,८०० रुपये सुटतात. एवढ्यात घर उभं राहील का, तुम्हीच सांगा.

सरकारची बाजूही आहे. २०२२-२३ च्या सव्वापाच लाख कोटींच्या संरक्षण बजेटात जवळपास १ लाख २० हजार कोटी पेन्शनलाच होते. फौज तरुण हवी, हेही पटतं. पण डाळिंबाची बाग लावायची, खतपाणी करायचं आणि झाड भरात आलं की चारातली तीन उपटायची, याला आपण काटकसर म्हणत नाही. तयार झालेला जवान घरी पाठवणं हा फौजेचाही तोटाच.

माझं मत सरळ आहे. निम्मे तरी जवान कायम करा. निमलष्करी दलांत २०२२ मध्ये १० टक्के जागा राखीव जाहीर केल्या होत्या, तिथे जाणाऱ्यांची ही ४ वर्षं पेन्शनसाठी धरा.

पोरांना पाठवू नका, असं मी म्हणत नाही. पण पाचव्या वर्षाचा विचार पहिल्याच दिवशी करा. शिक्षण सोडू देऊ नका. आणि सेवानिधी आला की लगेच ट्रॅक्टर किंवा लग्नात घालू नका. आधी पाण्याची सोय करा, उरलेला बँकेत ठेवा.

तुमच्या गावात काय चाललंय, खाली लिहा.