खांदा दुखतो आणि आपण सोसतो

दांडीवर कपडे वाळत घालताना उजवा हात वर जाईना, तेव्हा मी काय केले असेल? डावा हात वापरू लागले. मग फळीवरचे डबे ओट्यावर उतरवून ठेवले. अंबाडा घालता येईना, तेव्हा केस कापून टाकले. डॉक्टरांकडे मात्र गेले नाही. वय ५२. ‘‘वयोमानाप्रमाणे चालायचंच गं,’’ असे सासूबाई म्हणाल्या आणि मलाही ते पटले. यात ८ महिने गेले.

घरोघरी होतात ते उपाय झालेच. महानारायण तेल झाले, निलगिरी झाली, गरम पाण्याची पिशवी झाली. हात बसवणाऱ्या एकाने तर दंड धरून असा हिसका दिला, की चार रात्री त्या कुशीवर झोपता आले नाही.

शेवटी मुलीने ओढून नेले. डॉक्टरांनी मला हात वर करायला सांगितले, तो जाईना. मग त्यांनी स्वतः उचलून पाहिला, तरी जाईना. कोपर कमरेशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला वळवायला सांगितला, तोही अडला. क्ष-किरणात हाडे ठीक होती. ‘‘याला फ्रोझन शोल्डर म्हणतात,’’ ते म्हणाले, ‘‘साखर तपासली आहे का कधी?’’ नव्हती. तपासली, तर वाढलेली निघाली. खांद्याच्या निमित्ताने मधुमेह सापडला!

‘गोठलेला खांदा’ हे नाव बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केले. खांद्याचा सांधा उखळीचा. पण उखळ बशीसारखी उथळ, म्हणून तर हात चहूकडे फिरतो. या सांध्याभोवतीचे आवरण सुजते, जाड होते, आकसते. आधी रात्रीची झोप उडवणारी वेदना, मग आखडणे, मग हळूहळू मोकळे होणे, असा हा प्रवास १ ते ३ वर्षे चालतो. ४० ते ६० या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, तो अधिक दिसतो. मधुमेहींना तर त्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त.

पण प्रत्येक दुखरा खांदा गोठलेला नसतो. सांध्याला धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंपैकी एखाद्याचा कंडरा सुजला वा फाटला, तर आपला आपण हात उचलत नाही. दुसऱ्याने उचलला तर बहुधा जातो. वेदना बोटांपर्यंत उतरून मुंग्या येत असतील, तर मूळ मानेत असू शकते. उजव्या खांद्यात कळ पित्ताशयामुळेही येते. आणि छातीत दडपण, घाम, धाप यांसह खांदा किंवा हात दुखू लागला, तर तेल चोळत न बसता तडक रुग्णालय गाठावे. ते हृदयाचे दुखणे असू शकते. म्हणूनच आधी निदान, मग उपाय.

माझ्यावरचे उपाय साधे होते. सुरुवातीला वेदनाशामक गोळ्या, शेक आणि सांध्यात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन. त्याने काही दिवस साखर वाढते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागले. खरा भर व्यायामावर. टेबलाचा आधार घेऊन वाकायचे आणि दुखरा हात लंबकासारखा झुलवायचा. भिंतीवर बोटांनी चढत जायचे. पाठीमागे पंचा धरून चांगल्या हाताने दुखरा हात वर ओढायचा, तोही सोसेल इतकाच. ‘‘काकू, दुखतं म्हणून तुम्ही हात हलवत नाही, आणि हलवत नाही म्हणून तो आणखी आखडतो,’’ असे फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली. भूल देऊन सांधा मोकळा करण्याची किंवा दुर्बिणीतून शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते.

व्यायाम दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटे. आणि इथेच घोडे अडले! ‘‘दिवसभर काम करतेस, आणखी व्यायाम कशाला?’’ हा प्रश्न आमच्याही घरात आला. कणीक मळणे, भाजी चिरणे, भांडी घासणे यांत हात राबतो खरा, पण खांद्याच्या वर क्वचितच जातो. कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. शिवाय घरात कोणाचा गुडघा दुखला की दुसऱ्या दिवशी डॉक्टर. बाईचा खांदा दुखला की तेलाची बाटली. यात दोष घरच्यांचा आहेच, पण आमचाही आहे. सोसणे हा आम्ही गुण मानला.

आज दीड वर्षाने माझा हात पुन्हा दांडीपर्यंत पोचतो. आठ महिने आधी गेले असते, तर दुखणे टळले असते असे नाही. पण कितीतरी रात्री झोप लागली असती आणि साखर वेळेत कळली असती. आज रविवार आहे, सारे घरी आहेत. आईला, बायकोला, सासूबाईंना एकदा दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगा. एक हात मागे राहिला, तर उद्याच डॉक्टरांकडे न्या. आणि तिच्या त्या पंधरा मिनिटांत कुकरची शिट्टी दुसऱ्या कोणीतरी मोजा.