हा खेळ संपतो कधी?

हल्ली कोणाच्याही घरी जा, चहाबरोबर एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. "आमचा मुलगा सारखा मोबाईलवर खेळत असतो हो. काय करावं?" तक्रार खोटी नाही. पण तिच्यावर आपल्याजवळ उपाय दोनच. एक तर ओरडायचे, नाही तर मोबाईल काढून घ्यायचा. या उपायांचे पुढे काय होते, हे लखनौ शहराने फार पूर्वी पाहून ठेवले आहे. खेळात माणूस बुडतो कसा आणि खेळातून बाहेर येतो कसा, या दोन्ही गोष्टी त्या एकाच शहरात सापडतात. आज त्या दोन्ही सांगायच्या आहेत.

पहिली गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. प्रेमचंदांची 'शतरंज के खिलाडी' ही कथा १९२४ सालची. सत्यजित राय यांनी १९७७ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. कथेतला काळ १८५६ चा. मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन जहागीरदार सकाळपासून बुद्धिबळाच्या पटावर वाकलेले असतात. आत मिर्झांच्या बेगमचे डोके दुखत असते. निरोपावर निरोप जातात, पण मिर्झा काही उठत नाहीत. शेवटी बेगम स्वतः बाहेर येते, पट उधळते आणि मोहरे फेकून देते.

मग खेळ थांबतो का? छे! तो मीरसाहेबांच्या घरी जातो. तिथेही अडचण येते तेव्हा दोघे गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत जाऊन बसतात. कंपनी सरकारची फौज शहरात शिरते, नवाब वाजिद अली शाह कैद होतो, आणि या दोघांना चिंता कसली, तर पटावरच्या राजाची! राज्यासाठी न उपसलेल्या तलवारी शेवटी एका चालीच्या भांडणात उपसल्या जातात आणि दोघेही एकमेकांच्या हातून मरतात.

राज्याचे जाऊ द्या, आपल्या कामाचा भाग बेगमेचा आहे. तिचा राग शंभर टक्के खरा होता. पण पट फेकल्याने खेळ घरातून गेला आणि तिच्या नजरेआड झाला, इतकेच. मोबाईल काढून घेतला की मुलगा मित्राच्या घरी जातो, तो हाच प्रकार.

आता दुसरी गोष्ट. माझी ताई बरीच वर्षे लखनौला आहे, भाऊजींची नोकरी तिकडची. तिचा मुलगा आठवीत. गेल्या खेपेस गेले तेव्हा त्याच्याबद्दलही हीच तक्रार होती. ताई म्हणाली, "तूच विचार त्याला, काय एवढं असतं त्यात!" म्हणून मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. मला वाटले होते धडाधड गोळीबार चालला असेल. पण पडद्यावर एक छोटासा वीर एका गावातून दुसऱ्या गावात चालत होता आणि भेटेल त्याच्याशी बोलत होता. शेजारी एक पाठकोरी वही होती आणि तिच्यात पेन्सिलीने काढलेला नकाशा.

खेळाचे नाव 'ड्रॅगन क्वेस्ट'. वयाने हा खेळ भाच्याहून फार मोठा. जपानमध्ये २७ मे १९८६ रोजी तो पहिल्यांदा विक्रीला आला. युजी होरी यांनी तो रचला आणि त्यातले राक्षस अकिरा तोरियामा या चित्रकथाकाराने काढले. अशा खेळाला 'रोल प्लेइंग गेम' म्हणतात. म्हणजे गोष्टीतले एक पात्र आपण व्हायचे आणि गोष्ट पुढे न्यायची. या प्रकाराचे मूळ १९७४ सालच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळात आहे. तो टेबलाभोवती बसून खेळतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. पुढे हीच कल्पना संगणकावर आली आणि तिथून होरींनी ती मुलांना झेपेल इतकी सोपी करून घरच्या दूरदर्शन संचावर आणली.

कथा अगदी साधी. एका दुष्ट ड्रॅगनराजाने प्रकाशाचा गोळा पळवला आहे, तो परत आणायचा. राजा थोडी नाणी आणि एक मशाल देऊन वीराला निरोप देतो. गंमत अशी, की किल्ल्याबाहेर पाऊल टाकताच पाण्यापलीकडे ड्रॅगनराजाचा वाडा समोरच दिसतो. इतका जवळ, की हाक मारली तर ऐकू जाईल. पण मधल्या पाण्यावर पूल नाही. तो पूल मिळवण्यासाठी सगळा मुलूख पालथा घालावा लागतो.

सुरुवातीला वीर इतका दुबळा, की चिखलाच्या थेंबासारख्या दिसणाऱ्या 'स्लाइम' नावाच्या प्राण्याशीही त्याने जपून लढावे. प्रत्येक लढाईतून थोडा अनुभव आणि थोडी नाणी मिळतात. अनुभव साठला की वीर एक पायरी वर चढतो. अशा एकूण तीस पायऱ्या. घाई करून लांब गेलात तर मरण ठरलेले. मेलात की पुन्हा राजापुढे उभे, राजाची बोलणी ऐकायची आणि पिशवीतले अर्धे पैसे गेलेले! भाचा म्हणाला, "अगं मावशी, त्यामुळे आधी हिशेब करावा लागतो. परत यायला औषध पुरेल का, ते बघून मगच पुढे जायचं."

आणि ऐकावेही लागते. एका गावातला म्हातारा सांगतो, की किल्ल्यापासून ७० कोस दक्षिणेला आणि ४० कोस पूर्वेला एक वस्तू पुरलेली आहे. ते ज्याने टिपून ठेवले नाही, तो दलदलीत भटकत बसतो. एका गावाच्या वेशीवर दगडी राक्षस उभा आहे. तलवारीने तो सहसा आटोपत नाही, पण बासरी वाजवली की झोपी जातो. ही युक्तीही कुणीतरी बोलता बोलता सांगितलेली असते. मूळ जपानी खेळात तर खेळ मध्येच थांबवून साठवण्याची सोयसुद्धा नव्हती. राजा वीस अक्षरांचा एक मंत्र देई. तो कागदावर उतरवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले की कालची मेहनत पाण्यात. शुद्धलेखनाचा याहून कडक मास्तर मी तरी पाहिलेला नाही!

शेवटी इंद्रधनुष्याचा पूल पडतो आणि वीर ड्रॅगनराजापुढे उभा राहतो. तो लढाईआधी विचारतो, की मला सामील झालास तर अर्धे जग तुझे, बोल, कबूल आहे? मूळ खेळात 'हो' म्हणणाऱ्याचा खेळ तिथेच आटोपतो. 'नाही' म्हणून जो जिंकतो, त्याला खुद्द आपला राजा सिंहासन देऊ करतो. वीर तेही घेत नाही. तो स्वतःचा मुलूख शोधायला निघून जातो. गोष्ट संपली.

हे सारे ऐकताना मला वाटत होते, ही कथा या शहराला काही नवी नाही. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ साली लखनौमध्ये छापखाना काढला. त्याच छापखान्याने १८८३ ते १८९३ या दहा वर्षांत 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही उर्दू दास्तान आठ खंडांत छापली. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे अहमद हुसेन कमर यांचे. 'तिलिस्म' आणि 'ऐयार' हे शब्द १९९४ साली दूरदर्शनवर लागलेल्या 'चंद्रकांता' मालिकेमुळे आपल्या घरांतही पोचले होते. त्या चंद्रकांतेची ही थोरली बहीण.

तिलिस्म म्हणजे जादूने बांधलेली सृष्टी. होशरुबाचा बादशहा जादूगार अफरासियाब. त्याच्या राज्याचे तीन भाग: दिसणारा, लपलेला आणि अंधाराचा. मधून रक्ताची नदी वाहते, तिच्यावर धुराने वेढलेला पूल आणि पुलावर सिंहांचा पहारा. हे राज्य जिंकायला निघतो अमीर हमजाचा नातू असद. त्याच्या मदतीला असतो अमर अय्यार, वेष पालटण्यात आणि फसवण्यात पटाईत. त्याच्याजवळ 'जंबील' नावाची एक झोळी असते. तिच्यात कितीही माल, माणसे, अगदी गावेच्या गावे भरली तरी ती भरत नाही. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो उडालाच. "मावशी, ही तर आमची इन्व्हेंटरी!" खेळातला वीर गोळा केलेल्या सगळ्या वस्तू ज्या पिशवीत ठेवतो, तिला ही मुले असे म्हणतात.

पण खरी मौज पुढेच आहे. तिलिस्म जो बांधतो, तोच ते मोडण्याची किल्लीही ठेवून जातो. तिला 'लौह' म्हणतात. ही एक पाटी असते, आणि पुढे काय करायचे ते तिच्यावर उमटते. तिलिस्म कोण मोडणार, त्याचे नावही आधीच सांगितलेले असते. म्हणजे ही जादूची सृष्टी कायम राहण्यासाठी नसतेच. एके दिवशी कुणीतरी ती मोडावी आणि बाहेर पडावे, यासाठीच ती बांधलेली असते.

कुणी म्हणेल, ही हरलेल्या शहराची करमणूक होती. राज्य १८५६ मध्ये गेले, दुसऱ्या वर्षी शहर लढाईत होरपळले, आणि मग लोक जादूगारांच्या कथा वाचत बसले. पळवाटच की ही! या शंकेला एक उत्तर आहे. गोरखपूरचा एक तेरा वर्षांचा मुलगा पुस्तकांच्या दुकानात बसून हीच होशरुबा वाचत असे. पुस्तके फुकट वाचायला मिळावीत म्हणून तो त्या दुकानदाराची गाइडे आपल्या शाळेत विकून देई. त्याच्या घरच्यांनीही कपाळाला हात लावला असेल. तो मुलगा म्हणजे प्रेमचंद. तिलिस्मात बुडालेला मुलगा तिलिस्म संपवून बाहेर आला आणि बाहेरचे जग त्याने असे पाहिले, की त्यातून 'गोदान' झाले. बुद्धिबळात बुडालेल्या जहागीरदारांची कथाही त्यानेच लिहिली. पुढे नवलकिशोर छापखान्याच्याच 'माधुरी' मासिकाचे संपादनही त्याने लखनौमध्ये केले.

म्हणून मला वाटते, मूल खेळते की नाही, हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचे ते हे, की खेळ संपतो कधी? मिर्झा आणि मीर यांचा एक डाव संपला की दुसरा मांडला जाई. आज मोबाईलवर फुकट मिळणारे कितीतरी खेळ याच जातीचे आहेत. त्यांना शेवटच नाही. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान, दर काही आठवड्यांनी नवा 'सीझन'. या तिलिस्माची लौह बांधणाऱ्याने आत ठेवलेलीच नाही, कारण आपण बाहेर पडलो तर त्याचा तोटा आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली, ते बरेच झाले. पण पैशाला कायदा आहे, वेळेला नाही. तो घरालाच करावा लागतो.

जुने तेवढे सोने, असेही मी म्हणत नाही. दास्तान खपते म्हटल्यावर हमजाच्या कथा ४६ खंडांपर्यंत वाढल्या. 'ड्रॅगन क्वेस्ट'चेही २०१७ पर्यंत अकरा मुख्य भाग झाले. पण त्यातल्या बहुतेक भागांना शेवट आहे. तिथे मूल दमून, खूश होऊन पडदा खाली ठेवते आणि "झालं!" म्हणते. हा शब्द मुलांच्या तोंडून ऐकू येणे फार मोलाचे आहे. हाती घेतलेले तडीस नेल्याचा आनंद त्यात असतो.

आणखी एक फरक मात्र आपल्या बाजूचा आहे. दास्तान ऐकायला माणसे जमत. दास्तानगो सांगे आणि मंडळी दाद देत. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये गेले आणि ती परंपरा तुटली. २००५ मध्ये शम्सुर रहमान फारुकी आणि महमूद फारुकी यांनी ती पुन्हा उभी केली, तीही श्रोत्यांसमोर बसूनच. आपली मुले तिलिस्मात जातात ती एकटी. सांगायला कुणी नाही, 'वा!' म्हणायला कुणी नाही.

तेव्हा येत्या रविवारी एवढे करून पाहा. मोबाईल हिसकावू नका, चष्मा लावून शेजारी बसा आणि मुलाला तीन प्रश्न विचारा. तुझा वीर आता कुठे आहे? त्याच्या झोळीत काय काय आहे? आणि हा खेळ संपतो कधी? पहिल्या दोन प्रश्नांना मूल उत्साहाने उत्तर देईल आणि अर्धा तास कसा गेला हे तुम्हालाही कळणार नाही. तिसऱ्याचे उत्तर मिळाले, तर दिवसाची वेळ ठरवून द्या आणि शेवटच्या लढाईला मला बोलव म्हणून सांगा. आणि "हा संपतच नाही गं आई" असे उत्तर आले, तर त्याच वेळी, न ओरडता, दोघांनी मिळून तो काढून टाकायचे ठरवा. त्या जागी शेवट असलेला एखादा खेळ द्या, नाही तर एखादे जाडजूड पुस्तक. आणि तेही शेजारी बसूनच.